पोरगा पाठवतो

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा, तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचं, म्हणजे माझ्या आई-पप्पांचं, कसं चाललंय, उत्तर एकच मिळेल: मुलगा कॅनडात आहे ना, तो पाठवतो. ठाकुर्लीतली आमची बिल्डिंग जुनी आहे, तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. जिन्यात बोललेलं तळमजल्यापर्यंत ऐकू जातं. त्यामुळे हे वाक्य मी चढता-उतरता किती वेळा ऐकलंय ते सांगता येणार नाही.

पैसे पाठवले जात होते हे खरं आहे. फक्त ते इथून तिकडे जात होते, आणि पाठवत मी होते.

मी ठाण्याच्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. सकाळी आठपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, रक्त काढायचं. पप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आमचं लहानपण विठ्ठलवाडीला चाळीत गेलं, आणि पप्पांनी रिटायर व्हायच्या थोडं आधी ठाकुर्लीला ही दोन खोल्यांची जागा घेतली. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन नळावर पाण्याच्या रांगेत मी उभी राहिलेली आहे.

आमच्या घरात भिंतीवर ज्यांची निळ्या कोटातली तसबीर आहे ते समुद्र ओलांडून शिकायला गेले होते, हे पप्पांनी आम्हाला शाळेत घालायच्या आधीपासून सांगितलेलं. त्यामुळे भावाने कॅनडाचं नाव काढलं तेव्हा पप्पांनी कॉलेज कसलं, कोर्स कसला, काही विचारलं नाही. त्यांचा चेहराच बदलला. पीएफचे पैसे त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात मोकळे केले. मला एमएस्सीला ॲडमिशन मिळालेली तेव्हा हेच पप्पा म्हणालेले, "आधी हाताला काम लागू दे, मग शीक." ते ‘मग’ अजून यायचंय. पण तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, हेही खरं सांगते. भाऊ विमानात बसला त्या दिवशी आई रडत होती आणि मी हसत होते. आमच्या घरातलं कुणीतरी विमानात बसलेलं, हीच मोठी गोष्ट होती.

त्याचा कोर्स दोन वर्षांचा होता, माल कुठून कुठे कसा न्यायचा त्याचा डिप्लोमा. पहिल्या वर्षाची फी पीएफमधून गेली. दुसऱ्या वर्षाची पाठवायची वेळ आली तेव्हा पप्पा मला घेऊन कल्याणच्या बँकेत गेले. माझी एक रजा गेली. फॉर्म, पॅनकार्ड, कॉलेजचं पत्र, त्यावर सही, मग परत झेरॉक्स, मग साहेब जेवायला गेलेत. संध्याकाळी चारला कळलं की कॉलेजचा खातेनंबर लिहिताना एक आकडा चुकलाय. पप्पांनी कागद परत पिशवीत भरले. मग दवाखान्यातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, "अगं, हे सगळं आता मोबाईलवरून होतं. बँकेत कशाला मरतेस?"

खरंच होत होतं. ॲप घेतलं, कागदांचे फोटो काढून चढवले, भावाचं खातं त्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागच्या पायरीवर बसून मी पहिल्यांदा पैसे पाठवले. डबा मांडीवर उघडाच होता. डॉलरचा रेट दर मिनिटाला वरखाली व्हायचा, तो बघून अंगठा थांबायचा. पैसे पाठवण्याचं कारण निवडा, असं विचारलं जायचं आणि खाली यादी उघडायची. मी ‘शिक्षण’ निवडलं. दोन दिवसांनी मेसेज आला की पैसे पोहोचले. मी तो पप्पांना दाखवला, तर त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "वा! आता तूच कर हे."

तेव्हापासून ते काम माझं झालं. आणि कधी कसं ते कळलं नाही, पण पैसेही माझे झाले.

डिप्लोमा संपला. मग तो म्हणाला, ताई, वर्क परमिटची वाट बघतोय, दोन-तीन महिने फक्त. मग एका गोडाऊनमध्ये रात्रपाळी लागली, पण तास कमी मिळतात, दोन-तीन महिने फक्त. मग तिकडे पर्मनंट राहण्याची फाइल टाकायची, वकिलाची फी, इंग्रजीची परीक्षा. दर वेळी तो रविवारी सकाळी फोन करायचा, आमच्याकडे पोहे चाललेले असायचे. आधी आईशी बोलायचा, मग पप्पांशी, आणि शेवटी म्हणायचा, "ताईला दे." ताईला दे म्हटलं की मला कळायचं. यादीतलं कारण आता मी बदललं होतं: ‘निकटच्या नातेवाइकाचा उदरनिर्वाह’. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी जरा थांबले. असं कुणी स्पष्ट लिहून मागितलं की आपण काय करतोय ते समोर येतं.

तरी मी रागावले नव्हते. थंडीत तो एका खोलीत चौघांबरोबर राहत होता. त्याने एकदा व्हिडिओवर हात दाखवला, बोटांना भेगा पडलेल्या. माझा भाऊ आहे तो. पाठवायलाच हवे होते.

राग त्या फ्रिजपासून सुरू झाला.

आम्हाला पगारवाढीचा फरक मिळाला होता. त्यातून मी घरात फ्रिज घेतला, दोन दारांचा. दोन माणसांनी तो धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आणला, तेव्हा समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी आत हमालांसाठी पाणी भरत होते.

काकू म्हणाल्या, "अरे वा, मोठा घेतलात. मुलाने पाठवले वाटतं?"

पप्पा म्हणाले, "हो, पोरगा पाठवतो की."

मी पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आले. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हमालांनी पाणी प्यायलं, काकू म्हणाल्या, "नशीबवान आहात हो," आणि आपल्या घरात गेल्या.

दार लावल्यावर मी विचारलं, "पप्पा, असं का सांगितलंत?"

"अगं, लोक विचारतात, चार वर्षं झाली, पोरगा काय करतो. काय सांगू? बहिणीच्या पैशावर राहतो म्हणू?"

"खरं तेच आहे."

"आज आहे. उद्या पाठवेलच ना तो. मग आज सांगितलं काय, उद्या सांगितलं काय."

आई ओट्यापाशी उभी होती. आई तेव्हा कशावरच काही बोलायची नाही. तिचे गुडघे दुखायला लागले होते आणि तिचं सगळं लक्ष उभं राहण्यात जायचं.

त्यानंतर पप्पांना ती सवयच लागली. विहारात छताच्या दुरुस्तीला देणगी दिली ती मुलाच्या नावाने. चुलत बहिणीच्या लग्नात आहेर केला तो मुलाकडून. पाकिटावर नाव त्याचं, आत पैसे माझे. माणूस एकदा खोटं बोलतो तेव्हा निदान त्याला ते खोटं आहे हे माहीत असतं. पप्पांना हळूहळू तेही आठवेनासं झालं असावं. दुपारी खाली बाकावर बसून ते सांगायचे, "तिकडून पाठवायला चार्जेस फार लागतात हो, रेट बघून पाठवावं लागतं." हे सगळं त्यांना मी सांगितलेलं. त्यांनी फक्त दिशा बदलली होती.

माझं लग्न राहून गेलेलं. छत्तिसाव्या वर्षी विहारातल्या ओळखीतून एक स्थळ आलं. शहाडला राहणारे, शाळेत शिकवणारे. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली, मूल नाही. ते आईला आणि मामांना घेऊन आमच्याकडे आले. बोलणं निघालं तेव्हा पप्पा म्हणाले, "हिच्यावर घराची काही जबाबदारी नाही बरं का. पोरगा पाठवतो." मी कपबश्या उचलत होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पाहुण्यांसमोर वडिलांना खोटं पाडायचं, हे मला जमलं नाही.

नंतर आम्ही दोघं पाच-सहा वेळा कल्याणला भेटलो. स्टेशनजवळ एका साध्या हॉटेलात बसायचो. ते बोलायला हळू होते, पण ऐकून घ्यायचे. मी दिवसभरातले किस्से सांगायचे, सुई बघून चक्कर येणारे पहिलवान वगैरे, आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. माझ्या बोलण्यावर कुणी इतकं हसलेलं मला आठवत नाही. ते एकदा म्हणाले, "बरं आहे, तुझ्या घरचं तुझा भाऊ बघतो. माझ्यावर आईची औषधं आहेत, धाकट्या बहिणीची फी आहे. आपण दोघं मिळून ते ओढू, दोन वर्षांचा प्रश्न आहे." त्यांनी सगळा हिशेब माझ्या पगाराला धरून केला होता, लपवून नव्हे, समोर सांगून. मी मान हलवली. मनात म्हटलं, तोपर्यंत भावाचं मार्गी लागेल.

एका शनिवारी आम्ही बसलो होतो आणि फोन आला. पैसे पाठवणाऱ्या कंपनीकडून होता. मी सकाळीच पैसे पाठवले होते, रक्कम नेहमीपेक्षा जास्त होती म्हणून त्यांना खात्री करायची होती. हॉटेलात गोंगाट होता, पलीकडची मुलगी मोठ्याने बोलत होती, मलाही मोठ्याने बोलावं लागलं. "हो, कॅनडाला. हो, भाऊ. सख्खा. त्याच्या खर्चासाठी. हो, दर महिन्याला पाठवते."

फोन ठेवला तेव्हा ते माझ्याकडे बघत होते.

"भाऊ पाठवतो ना तुमच्याकडे?"

"नाही."

"तू पाठवतेस?"

"हो."

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील."

त्यांनी सांबारात बुडवलेला वडा तसाच ठेवला. "मला एकदा सांगायचंस. मी नाही म्हणालो नसतो. आणखी दोन वर्षं थांबलो असतो."

"पप्पांनी तुमच्यासमोर सांगितलेलं. मी कसं..."

"मला पप्पांशी लग्न करायचं नव्हतं," ते म्हणाले.

आवाज चढवला नाही त्यांनी. बिल दिलं, मला रिक्षात बसवून दिलं, रिक्षावाल्याला पत्ताही नीट सांगितला. आठवड्याने मध्यस्थांकडून निरोप आला की जमणार नाही. मी पप्पांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, निदान खाली मान घालतील. ते म्हणाले, "जाऊ दे, मास्तरच होता. पोरगा फॉरेनला असलेल्या घराला तो कुठे शोभला असता."

मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, आणि पुढच्या महिन्यात पैसेही पाठवले. त्याचा मला अजून राग येतो, माझा मलाच.

आईचे गुडघे त्या वर्षी पारच गेले. तीन मजले उतरणं बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बदलावे लागतील, उशीर करू नका. पप्पांची एक मुदतठेव होती ती आणि माझी थोडी शिल्लक, असं मिळून दिवाळीनंतरची तारीख ठरवली. आई त्या तारखेची वाट बघायला लागली. खिडकीत बसून ती समोरच्या भाजीवाल्याला हाक मारायची आणि दोरीने पिशवी खाली सोडायची. म्हणायची, "एकदा गुडघे झाले की मी स्वतः जाऊन निवडून आणीन. हा मेला नेहमी जून भेंडी देतो."

तारखेला तीन आठवडे होते तेव्हा रविवारी फोन आला. "ताईला दे."

"ताई, खूप अर्जंट आहे. ही खोली सोडावी लागतेय. नवीन जागेचं डिपॉझिट आणि फाइलचे पैसे, दोन्ही एकदम आलेत. शेवटचं मागतोय."

मी म्हटलं, "या वेळी नाही जमणार रे. आईचं ऑपरेशन आहे."

"ते पुढे नाही का ढकलता येणार? माझी फाइल नाही ढकलता येत."

"नाही."

"तुला नाही कळणार इथलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पाच वर्षांत मी त्याला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. घाबरले होते, पण बरंही वाटत होतं.

पप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मी लॅबमध्ये होते. गुरुवारी आमच्याकडे मोठी रांग असते, लोक टोकन घेऊन बाकांवर बसतात. मी मान खाली घालून नळीवर चिठ्ठी चिकटवत होते आणि पुढचा नंबर पुकारला. कुणीतरी समोर येऊन बसलं. मी सवयीने म्हटलं, "बाही वर करा." वर बघते तर पप्पा.

ते सकाळपासून रांगेत बसले होते. आत निरोप पाठवला असता तर मी लगेच बाहेर आले असते. पण त्यांनी पेशंटसारखं टोकन घेतलं होतं. लोक हात ठेवतात त्या फळीवर त्यांनी कापडी पिशवीतून पासबुक, पॅनकार्ड आणि माझ्या नावाचा चेक काढून ठेवला. मुदतठेव मोडली होती.

"आधी बँकेत गेलेलो," ते म्हणाले. "तिथल्या बाई म्हणाल्या, काका, तुम्हाला नाही जमणार, मुलीला सांगा, ती मोबाईलवरून करेल. तू पाठव त्याला."

"पप्पा, हे आईच्या गुडघ्यांचे आहेत."

"थंडी सरली की करू. गुडघे कुठे पळून जातायत?"

मागे रांग होती. एक बाई लहान बाळ घेऊन उभी होती, ती म्हणाली, "मॅडम, लवकर करा ना." पप्पा उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्यासाठी किंवा आईसाठी नव्हतं हे मला कळत होतं. बाहेर जाताना ते म्हणाले, "एवढं केलं आणि शेवटच्या पायरीवर हात सोडला असं नको व्हायला."

मी पाठवले. चेक वटला, पैसे माझ्या खात्यात आले आणि गेले. आईला पप्पांनीच सांगितलं, तारीख पुढे गेली म्हणून. आईने विचारलं, "डॉक्टरांनी ढकलली का?" पप्पा हो म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिली. मी कपड्यांच्या घड्या करत होते, करत राहिले. त्या खोट्यात मीही होते, हे कबूल केलं पाहिजे.

थंडी सरली, उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. आई घरातच.

पुढच्या वर्षी भावाची फाइल पास झाली. त्याआधी चांगली नोकरीही लागलेली. पप्पांनी पूर्ण बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. तिकडेच त्याने लग्न ठरवलं, मुलगी आपल्याकडचीच, नागपूरची, तिथे नोकरी करणारी. लग्न इथे येऊन केलं, कल्याणला हॉल घेऊन. आईला दोन चुलत भावांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं. ती खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसली होती आणि लाजत होती. पावणेदोन वर्षांनी तिने रस्ता बघितला.

हॉलमध्ये पप्पांनी माईक घेतला. ते म्हणाले, माझ्या मुलाने परदेशात कष्ट केले, पण आईबापाला विसरला नाही, दर महिन्याला पाठवत राहिला, आज हे घर त्याच्यामुळे उभं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ स्टेजवर होता. त्याने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असेल.

भावजय चांगली आहे. तिचा यात काही दोष नाही. दोन दिवसांनी आमच्या घरी ती माझ्याजवळ बसून मोबाईलवर तिकडचे फोटो दाखवत होती. हे घर, हा तलाव, हा बर्फ. एका फोटोत भाऊ नव्या करड्या गाडीला टेकून उभा होता, गाडीवर लाल रिबन.

"ही केव्हाची?" मी सहज विचारलं.

"ही ना, गेल्याच्या गेल्या डिसेंबरची. आमची तेव्हा नुकतीच ओळख झालेली. मला घेऊन गेलेले शोरूममध्ये. म्हणाले, घरून पैसे आलेत, आता डाउन पेमेंट होईल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बर्फात बिना गाडीचे फार हाल होतात तिकडे."

मी फोटो पुढे सरकवला आणि पुढचा बघितला. त्यात काय होतं ते आठवत नाही.

संध्याकाळी भाऊ गॅलरीत उभा होता. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

"डिपॉझिट म्हणालेलास तू. फाइल म्हणालेलास."

त्याला लगेच कळलं. निदान तेवढं तरी. तो म्हणाला, "ताई, तिथे गाडीशिवाय नोकरी मिळत नाही. ती नोकरी लागली म्हणून फाइल झाली. म्हणजे फाइलसाठीच झालं ना ते?"

"आईचे गुडघे होते ते."

"मला पप्पांनी सांगितलेलं की डॉक्टरांनीच पुढे ढकललंय."

"आणि तू विचारलं नाहीस."

"तूही नाही सांगितलंस."

मी म्हटलं, "आणि हॉलमध्ये? पप्पा बोलले तेव्हा?"

"मी कधी म्हटलं मी पाठवतो? पप्पा म्हणतात. त्यांच्या तोंडावर मी नाही कसं म्हणू? तू तरी म्हटलंस का?" मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, मी काही विसरलेलो नाही. सगळं लक्षात आहे माझ्या."

जाताना त्याने मला सेंटची बाटली दिली आणि चॉकलेटचा मोठा डबा. आईच्या ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाला, आता घर घेतोय, हप्ता सुरू होईल, वर्षभर जरा ओढाताण आहे. विमानतळावर पप्पा काचेला हात लावून उभे राहिले, तो दिसेनासा झाल्यावरही.

घरी आल्यावर मी ॲपमधून त्याचं खातं काढून टाकलं. ‘तुम्हाला नक्की काढायचं आहे का?’ असं विचारलं गेलं. हो. कुणी मला थांबवलं नाही, कुणाला कळलंही नाही. तोही पुन्हा पैसे मागायला आला नाही, कारण त्याला आता गरज नव्हती. रविवारचे फोन आधी महिन्यातून दोनदा झाले, मग सणासुदीला.

आईचे गुडघे मी दवाखान्याच्या पतपेढीतून कर्ज काढून केले. आधी एक, चार महिन्यांनी दुसरा. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर चालणं अजून सुधारलं असतं. आता थोडी लंगडणारच. पप्पा दोन्ही वेळेला वॉर्डात बसून राहिले, आईला मोसंबी सोलून देत. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की पोरगा म्हणाला, खर्चाचं बघू नका, चांगल्यातलं बसवा. मी शेजारी औषधांची चिठ्ठी हातात घेऊन उभी असायचे. मी एकदाही काही बोलले नाही. कंटाळा आला होता. खरं बोलायलाही अंगात ताकद लागते.

सहा महिन्यांनी आई काठी घेऊन खाली उतरायला लागली. एक जिना, विश्रांती, दुसरा जिना. संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका खाली बाकांवर बसतात, तिथे ती जाऊन बसायची. भेंडी निवडून आणायची. भाजीवाल्याशी भांडून यायची आणि खूश असायची.

तिथे काय झालं ते मला नंतर कळलं, आईकडून नाही, तळमजल्यावरच्या बाईंकडून. मी ड्यूटीवरून येत होते, त्यांनी मला जिन्यापाशी थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, तुला एक सांगायचं होतं. वाईट वाटून घेऊ नकोस. आईंना जरा दाखवून घे कुणाला."

"का? काय झालं? पडली का?"

"छे गं, चालतात मस्त. पण काल आम्ही म्हणत होतो, मुलाने दोन्ही गुडघे करून दिले, असा मुलगा मिळायला पुण्य लागतं. तर एकदम म्हणाल्या, ‘मुलाने नाही, पोरीने केले. त्यालाही तीच पोसत होती, सहा वर्षं. घरातला फ्रिजसुद्धा तिचा आहे.’ आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. पप्पा तुझे तिथेच होते, तेही गप्प उठून गेले. माझ्या सासूचं पण असंच झालेलं, भूल दिली की या वयात डोक्यावर परिणाम होतो."

मी म्हटलं, "नाही काकू. आईला सगळं नीट आठवतंय. ती म्हणाली ते खरं आहे."

त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला पुढे बोलवेना. माझा दंड थोपटून म्हणाल्या, "हो गं बाई. तसंच म्हणायचं असतं. आईबापाला सांभाळून घ्यावंच लागतं."

मी वर गेले. आई भाजी चिरत बसली होती. पप्पा टीव्हीसमोर होते, आवाज बंद करून. मी आईला विचारलं, "काल खाली काय सांगितलंस?"

"जे आहे ते सांगितलं," आई म्हणाली. "आधीच सांगायला पाहिजे होतं. पण वरून खाली कोण ऐकणार होतं माझं."

पप्पांनी मान वळवली नाही. मी हात धुतले आणि आईसमोर बसून उरलेली भेंडी चिरायला घेतली. तिला मी सांगितलं नाही की खालीही कुणी तिचं ऐकलेलं नाही.